करंडेसाहेबांची युक्ती

"हे सिअ‍ॅटल," असं म्हणून त्यानं चहाचा रिकामा ग्लास बाकड्याच्या टोकाला ठेवला. "हे डलास. हे कोलंबस."

आमचे ग्लास रिकामे होतील तसे तो हातातून काढून घेत होता आणि ओळीनं मांडत होता. आठ ग्लास झाले. मग त्यानं बशीतली खारी मोडली आणि तिचा एक तुकडा पहिल्या ग्लासात टाकला.

"हा मी."

तुकडा उचलून त्यानं दुसऱ्या ग्लासात टाकला, मग तिसऱ्यात. तळाला राहिलेल्या चहानं खारी भिजत चालली होती. आठव्या ग्लासापर्यंत पोचेतो निम्मी विरघळली. उरलेली त्यानं तोंडात टाकली आणि हात झटकले. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमधली त्याची अकरा वर्षं अशी आमच्यासमोर पाच मिनिटांत संपली.

"एका टीममधनं दुसरीत पाठवताना तुमाला इचारत न्हाईत व्हय?" आमचा गोलकीपर मोहिते म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगितलं. बी.ए.ला इंग्रजी घेऊन मी काठावर का होईना पास झालो होतो, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं होतं.

"एकदा दुकानात दूध घ्यायला उभा होतो. फोन आला, उद्यापासून तू टॅम्पाचा. मी दूध परत फळीवर ठेवलं."

"आन मग जुन्या टीमच्या इरुद्ध खेळायचं?"

"पुढच्याच आठवड्यात खेळलो."

कोल्हापुरात तालमी पूर्वी कुस्तीच्या होत्या. आता प्रत्येक तालमीची फुटबॉल टीमही असते. ज्या पेठेत जन्मलास त्या पेठेची तालीम तुझी. पोरं शाळा बदलतात, नोकऱ्या बदलतात, पण तालीम बदललेल्या माणसाला गल्लीतला न्हावीसुद्धा ताटकळत ठेवतो. त्यामुळे आठ तालमींतून फिरलेला हा सहा फुटी माणूस आमच्या बाकड्यावर बसून निवांत खारी खातोय, हे आम्हाला पचायला जड जात होतं.

त्याचं नाव वेस्ली क्रॅन्डल. त्याची बायको उसाच्या मुळांना लागणाऱ्या किडीवर संशोधन करायला वर्षभरासाठी कोल्हापुरात आली होती. गुडघा गेल्यामुळे हा छत्तिसाव्या वर्षी निवृत्त झालेला, म्हणून तोही बरोबर आला. दिवसभर करायचं काय? एका सकाळी मैदानावर येऊन आमची प्रॅक्टिस बघत उभा राहिला. चौथ्या दिवशी त्याला राहवेना. आत आला, मला दंडाला धरलं आणि चार पावलं मागं नेऊन उभं केलं. त्या दिवसापासून तो आमचा झाला. आमच्या तालमीचे अध्यक्ष आबा इंगवले यांच्या तोंडी क्रॅन्डल काही बसेना. त्यांनी त्याचं करंडे केलं आणि मग सगळ्या पेठेनं केलं.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, टीमचा स्टॉपर, म्हणजे बचावाच्या बरोबर मधोमध उभा राहणारा. माझा तो शेवटचा सीझन होता आणि आमच्या तालमीनं चौदा वर्षांत कप बघितला नव्हता. करंडेसाहेबांनी मला सगळ्यात जास्त काय शिकवलं असेल, तर बोलायला. मी मैदानावर मुका. ते म्हणायचे, "बॅकला दोन पाय असतात आणि एक तोंड. पाय म्हातारे होतात. तोंड वापर." मग मी ओरडायला लागलो. डावीकडं, मागं, माणूस आला, सोड, मार. महिनाभरात माझा आवाज बसला आणि आमच्यावर गोल व्हायचे कमी झाले.

"पण साहेब," त्या सकाळी मोहितेनं विचारलं, "अकरा वर्षात लक्षात ऱ्हाईल असं काय केलंसा?"

"दोन गोल केले. एक आमच्याच जाळ्यात."

सगळे हसले.

"आणि एक मॅच तोंडानं जिंकली," करंडेसाहेब म्हणाले.

ती गोष्ट त्यांनी उभं राहून, हातवारे करून सांगितली. बाद फेरीचा सामना. शेवटचं मिनिट. समोरच्या टीमचा एक नवा खेळाडू, विशीतला, गोलसमोर एकटा. बाजूनं बॉल त्याच्या पायात येतोय, नुसता ढकलायचा अवकाश. करंडेसाहेब त्याच्या पाठीमागं दोन हातांवर, पण पोचणं शक्य नव्हतं. म्हणून ते ओरडले, "सोड!" त्या पोराला वाटलं, मागून आपलाच कुणीतरी येतोय. त्यानं पाय उचलला, बॉल खालून गेला आणि करंडेसाहेबांनी तो मैदानाबाहेर मारला.

"रेफ्रीनं ऐकलं असतं तर?" मी विचारलं.

"फाऊल. पिवळं कार्ड. पण वीस हजार लोक ओरडत होते. ऐकणार कोण?"

मोहितेनं मांडीवर थाप मारली. दत्तू चहावाला ग्लास गोळा करता करता हसला. मीही हसलो, जरा जास्तच.

आता माझ्या भावाबद्दल सांगायला हवं.

इंद्रजित माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आमच्या मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून आठ वर्षांचा असताना त्याला मामाकडे दिला. मामाचं घर वेशीच्या पलीकडच्या पेठेत, चालत पंधरा मिनिटं. दत्तक वगैरे कागदोपत्री काही नाही. रविवारी तो आमच्याकडे जेवायला असायचाच. पण वाढला त्या पेठेत म्हणून त्या पेठेच्या तालमीत गेला. मैदानावर त्याला सगळे इंदर म्हणायचे. बारक्या म्हणणारे जगात दोघेच, आई आणि मी.

मामाकडे जाईपर्यंत त्याला सांभाळायचं काम माझं होतं. एकदा नदीच्या घाटावर तो पाण्यात पाय सोडून बसला होता, पाच वर्षांचा असेल. हात घालून त्यानं पाण्यातून काहीतरी काळं, लांबडं वर काढलं. मी वरच्या पायरीवरून ओरडलो, "बारक्या, सोड!" त्यानं हाताकडे न बघता, माझ्याकडे न बघता मूठ उघडली. साप होता. विषारी नसावा, पण ते मोठेपणी कळलं. घरी मी ते सांगितलं तेव्हा आईनं आधी मला एक दिली आणि मग त्याला जवळ घेतलं.

त्या वर्षी फायनल आमच्या तालमीची आणि त्याच्या तालमीची लागली.

फायनलच्या आठवड्यात एका पेठेच्या खेळाडूनं दुसऱ्या पेठेत पाय टाकायचा नसतो. असा नियम कुणी लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही. रविवारी इंद्रजित जेवायला येऊ शकला नाही, म्हणून आईनं डबा भरून माझ्या हातात दिला. दोन्ही पेठांच्या मधे एक पिठाची गिरणी आहे. तिथं आम्ही भेटलो.

"तांबडा हाय का पांढरा?" त्यानं डबा हुंगत विचारलं.

"दोन्ही. आणि आईनं सांगितलंय, गार व्हायच्या आत खा."

त्यानं डबा काखेत मारला, पण निघाला नाही. गिरणीच्या आवाजात जरा जवळ येऊन म्हणाला, "दादा, कुणाला सांगू नगंस. फायनलला गोव्याच्या क्लबचा मानूस येनार हाय. मला बगायला. मामानं लई खटपट केलीया."

"खरं?"

"खरं. ही एकच मॅच बगनार आन जानार. जमलं तर जूनपास्नं गोवा. न्हाई जमलं तर..." त्यानं गिरणीकडं बघितलं. "न्हाई जमलं तर हाईच मामाचं लेथ मशिन."

"मग माझ्यासमोर गोल मारणार म्हण की."

"मारनारच. तू आडव."

"अडवतोच बघ."

आम्ही दोघंही हसलो. तो पिठानं पांढऱ्या झालेल्या पायरीवरून उडी मारून गेला. मला त्याचा फार अभिमान वाटला होता, हे मी आजही खोटं न बोलता सांगू शकतो.

फायनल चार वाजता सुरू झाली. पहिल्या हाफात आमचा एक गोल झाला. दुसऱ्या हाफात त्यांनी आमच्या बाजूला तळ ठोकला. इंद्रजितनं मला दोनदा चकवलं. एकदा बॉल खांबाला लागला, एकदा मोहितेनं बोटांनी वर काढला. गोव्याचा माणूस मी ओळखला होता. पॅव्हेलियनमधे, पांढरे बूट, हातात छोटी वही. दोन्ही वेळा त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. मला एका डोळ्यानं ते दिसत होतं आणि दुसऱ्या डोळ्यानं आबा दिसत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा मैदानाच्या रेषेजवळ उकिडवा बसून होता आणि घड्याळाकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

शेवटची चार मिनिटं राहिली. त्यांच्या बॅकनं बॉल उंच मारला, माझ्या डोक्यावरून. मी वळलो आणि माझा पाय सरकला. इंद्रजित दोन पावलं पुढं गेला. आता तो, बॉल आणि पुढं आलेला मोहिते. एवढ्या जवळून तो चुकणार नाही, हे मला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं.

मी ओरडलो, "बारक्या, सोड!"

त्यानं मागं बघितलं नाही. त्याचा उजवा पाय बॉलवरून पलीकडे गेला आणि बॉल तसाच घरंगळत मोहितेकडे गेला. मोहितेनं त्याच्यावर अंग टाकलं.

सगळं स्टेडियम ओरडत होतं. रेफ्रीनं हात पुढं करून खेळ चालू ठेवला. त्याला ऐकूच गेलं नव्हतं. इंद्रजित थांबला. आधी त्यानं पायाखाली बघितलं, मग आजूबाजूच्या गवतात. मी त्याला कशापासून वाचवलं ते तो शोधत होता. मग मान वर करून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

आम्ही जिंकलो. गुलाल इतका उडाला की समोरचा माणूस दिसेना. आबांनी कप छातीशी धरला आणि रडायला लागले. माझ्या डोक्यावर फेटा बांधला, खांद्यावर घेतलं. खांद्यावरून मला पलीकडची बाजू दिसत होती. मामानं सगळ्यांसमोर इंद्रजितच्या थोबाडीत मारली.

"आंधळ्या! पायात बॉल हुता की रं! काय झालं तुला?"

मी दहा पावलांवर होतो. मला त्याचं उत्तर स्वच्छ ऐकू आलं.

"पाय अडाकला, मामा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी सवयीनं मैदानावर गेलो. बाकी कुणी येणार नव्हतं, सगळे झोपले होते. करंडेसाहेब एकटेच प्लॅस्टिकचे कोन गोळा करून एकात एक घालत होते. मिरवणुकीत ते आले नव्हते.

"तो नऊ नंबर कोण?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ."

"इथं सगळेच एकमेकांना भाऊ म्हणतात. पेट्रोल पंपावरचा माणूसही मला भाऊ म्हणतो."

"तसा नाही. आईच्या पोटचा."

त्यांच्या हातातले कोन तसेच राहिले. "मी काल तुझ्या मागंच होतो, रेषेवर. तू काय म्हणालास ते ऐकलं. सोड कळलं, ते तू रोज ओरडतोस. त्याच्या आधीचा शब्द काय होता?"

"त्याचं घरातलं नाव."

ते ओल्या गवतावर बसले. गुडघा दुमडत नसल्यामुळे पाय सरळ ठेवून. मग म्हणाले, "त्या गोष्टीचा पुढचा भाग मी कधी सांगत नाही. त्याला कुणी हसणार नाही. त्या सामन्यानंतर आठवड्याभरात त्या पोराला क्लबनं काढून टाकलं. दोन वर्षांनी मला त्याच क्लबला दिलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, तो पोरगा कुठं असतो? कुणाला त्याचं नाव आठवेना. मला तर कधी माहीतच नव्हतं. माझ्यासाठी तो नुसती एक जर्सी होता. मग मी त्यांनाही ती गोष्ट सांगितली आणि तेही हसले. आठ गावांत सांगितली. इथं सांगायला नको होती."

"तुम्ही नुसती सांगितलीत. केलं मी."

"हो," ते म्हणाले. त्यांनी माझी समजूत घातली नाही, याचं मला बरं वाटलं. "पॅव्हेलियनमधला तो वहीवाला त्यालाच बघायला आला होता ना? अजून गावात आहे?"

"स्टँडजवळच्या लॉजवर आहे. दहाच्या गाडीनं जाणार म्हणतात."

"मग जा आणि सांग त्याला. तुझ्या तोंडानं."

"कप परत द्यावा लागला तर? काल रात्री आबा कप उशाशी घेऊन झोपले आहेत."

"तुमचे नियम मला माहीत नाहीत," असं म्हणून ते गुडघा धरून उठले. "पण तुला भाऊ आहे आणि दहा वाजायला अडीच तास आहेत."

मी गेलो. लॉजच्या समोरच्या हॉटेलात बसलो. एक चहा घेतला, मग दुसरा. माझ्या कानामागं अजून गुलाल होता आणि चहा देणारा माणूस माझ्याकडे बघून हसून म्हणाला, "नादखुळा मॅच काढलीसा काल." पावणेदहाला तो पांढऱ्या बुटांचा माणूस बॅग घेऊन पायऱ्या उतरला. रिक्षाला हात करताना त्यानं मला ओळखलं आणि रस्त्यापलीकडून अंगठा वर केला. मी उठून उभा राहिलो. रस्ता रिकामा होता, सहा पावलंसुद्धा नव्हती. मीही अंगठा वर केला. रिक्षा गेली.

त्यानं मामाला निरोप ठेवला होता तो नंतर कळला: पोरगा चांगला आहे, पण गोलसमोर त्याचे पाय थबकतात.

जूनमधे करंडेसाहेब बायकोबरोबर परत गेले. निरोपाला सगळी तालीम जमली होती. आबांनी त्यांना फेटा बांधला, तो त्यांच्या डोक्यावर फार लहान दिसला. सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर ते माझ्यापाशी आले.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि जोरानं दाबला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी तो हात सोडवून घेतला नाही.

चार-पाच वर्षांनी त्यांचा एक ईमेल आला. ते आता एका शाळेत फुटबॉल शिकवत होते. लिहिलं होतं की, ती गोष्ट मी मुलांना अजून सांगतो, पण आता ती आठव्या गावाशी संपवत नाही. नवव्या गावात एक स्टॉपर होता, त्यानंही हेच केलं, पण दुसऱ्या दिवशी तो चालत गेला आणि सगळं खरं सांगून आला. मुलांना तो शेवट फार आवडतो. मी उत्तर लिहायला बसलो, तब्येत कशी आहे, गुडघा कसा आहे, एवढं विचारलं आणि पाठवून दिलं.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. आबा गेले. कप तालमीच्या काचेच्या कपाटात आहे. इंद्रजित मामाचं लेथ मशिन चालवतो, आता तीन मशिनं आहेत त्याची. त्या मॅचबद्दल तो एका शब्दानं कधी बोलला नाही, माझ्याशी नाही आणि दुसऱ्या कुणाशीही नाही. मी दोनदा विषय काढायला गेलो. दोन्ही वेळा तो म्हणाला, "जेव की दादा, गार हुतंय." अजून दर रविवारी येतो. आईचं औषधपाणी त्यानंच सांभाळलंय. त्यानं मला केव्हाच माफ केलं असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात आईची औषधं आणायला आम्ही दोघं गेलो होतो. मंडईच्या चौकात रस्ता ओलांडताना तो माझ्या दोन पावलं पुढं होता. डावीकडून एक टेम्पो उलट्या बाजूनं भरधाव आला. मी ओरडलो, "बारक्या, थांब!"

त्यानं ऐकलं. खांदा हलला, ते मी बघितलं. पण पाऊल थांबलं नाही. आधी त्यानं मान वळवली, टेम्पो खरंच येतोय का ते स्वतः बघितलं आणि मग थांबला. टेम्पो त्याच्या हातातल्या पिशवीला घासून गेला.

"लागलं नाही ना?" मी विचारलं.

"न्हाई, दादा. चल," तो म्हणाला आणि माझं कोपर धरून त्यानं मला रस्ता ओलांडून दिला.